उरलेले सतरा

दर महिन्याचा तिसरा शुक्रवार
मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल करते,
रेइनोच्या डायलिसिसचे वार करायची, त्याच पेनाने.

चारशे सतरा शेअर्स ठेवून गेला तो,
एकतीस वर्षं जिचे लोहखनिजाचे डबे जोडले
त्या रेल्वेचेच.
लाभांश आला की पुन्हा त्यातच घालायचा, हा त्याचा खाक्या,
म्हणून वरचे हे सतरा, अडनिडे.

कॉल विकायला मी शिकले बहात्तराव्या वर्षी,
डलूथच्या वाचनालयात, मंगळवारी दुपारी,
पाच म्हातारे आणि मी.
शिकवणारा म्हणाला, हे घर विकणं नव्हे.
मागितलंत तर साठला देईन, एवढं कबूल करून
विसार घेणं.
गिऱ्हाईक फिरकलं नाही, तर घरही तुमचं, विसारही तुमचा.
आणि आलं तर?
तर चावी द्यायची, म्हणाला,
आणि फळा पुसायला लागला.

शंभराला एक कॉन्ट्रॅक्ट. माझी चार.
शेअरमागे पंचाऐंशी सेंट, म्हणजे तीनशे चाळीस डॉलर:
जानेवारीचं तेल, टाकीत, जेमतेम.

खरं तर मी विकते ते दिवस.
सुरुवातीला त्यांची किंमत हलत नाही फारशी,
तळ्यावरच्या बर्फासारखी; वरून पांढरं, घट्ट,
गाडी घालावी असं.
शेवटच्या आठवड्यात एकाएकी काळं पडतं,
कडेने सुटतं,
शुक्रवारी तीन वाजता नुसतं पाणी.
शेजारचा ऑर्व्हिल बाक्के मासे धरायची झोपडी
दरवर्षी एक दिवस उशिरा काढतो.
मी तशी नाही.

म्हणजे, एकदा झाले तशी.
ऑगस्टात भाव साठाच्या उंबऱ्यावर आला
आणि माझा हात कापला.
विकलेले कॉल चढ्या भावाने परत घेतले,
ऑक्टोबरचे विकले, पासष्टचे.
पदरचे नव्वद गेले, आणि सोमवारी भाव छप्पन्न!
वहीत खर्चाच्या रकान्यात लिहिलं:
नव्वद, भीतीचे.

मार्चमध्ये वदंता उठली,
कुणी मोठी कंपनी हिला गिळणार म्हणून.
सत्तावन्नचा भाव दोन दिवसांत एकोणऐंशी.
माझे कॉल साठचे.
ब्रोकरच्या ऑफिसातून पोरगा बोलला,
मिसेस लाहती, अजून पुढच्या वर्षावर ढकलता येईल,
थोडे पैसे भरावे लागतील.
आवाज चांगला होता त्याचा. आईला फोन करत असावा रोज.
मी म्हटलं, बाळा,
शब्द दिला होता मी,
त्याचे पैसे घेतले होते,
आणि ते जाळूनही झाले.

ऑर्व्हिलने पेपर नॅपकिनवर हिशेब मांडला:
एकोणीस गुणिले चारशे, सात हजार सहाशे हुकले.
नॅपकिन माझ्याकडे सरकवला, हळहळत.
मी त्यावर कॉफीचा कप ठेवला.

शनिवारी सकाळी खातं उघडलं.
चोवीस हजार, रोख.
एकतीस वर्षांची बर्फातली पहाट,
हातमोज्यांतून चिकटणारं लोखंड,
जेवणाचा डबा, दोन सांडव्हिच, एक सफरचंद:
सगळं एका ओळीत, डाव्या बाजूला उणे चिन्ह.
रडू येईल म्हणून थांबले जरा.
आलं नाही. भूक लागली.

कॉल म्हणजे बोलावणं.
रेइनोला आलं तेव्हा
कुणी विसार दिला नव्हता.

खाली स्क्रोल केलं तर ते दिसले,
सतरा.
त्यांच्यावर कॉन्ट्रॅक्ट होत नाही, शंभर लागतात;
कुणी कितीही भाव देवो, माझ्या हातून
त्यांना बोलावणं जायचं नाही.
जूनमध्ये लाभांश येईल, सहा डॉलर बारा सेंट.
'पुन्हा यातच गुंतवा' या चौकोनातली
त्याची खूण
मी काढलेली नाही.